घंटेनंतरची शाळा : मुलींचे शालेय जीवन आणि सहशालेय उपक्रम

कोणत्याही शाळेची स्मरणिका हाती आली की वाचक आधी छायाचित्रांची पाने उघडतो. तेथे लेझीम खेळणाऱ्या मुली असतात, ढाल हाती घेऊन उभा असलेला खो-खोचा संघ असतो, स्नेहसंमेलनातील एखादा नाट्यप्रवेश असतो, लेण्यांच्या पायऱ्यांवर बसलेला सहलीचा वर्ग असतो. फळ्यावर बीजगणिताचे उदाहरण सोडविणारी मुलगी या पानांवर क्वचितच दिसते. परीक्षेच्या निकालांचे तक्ते छापलेले असतात, अभिमानाने वाचलेही जातात. परंतु वीस वर्षांनी भेटायला आलेली माजी विद्यार्थिनी आपले गुण सांगत नाही. ती म्हणते, “बाई, त्या वर्षी आपण तालुक्याला एका गुणानं हरलो होतो, आठवतं का?” पराभवसुद्धा तिने जपून ठेवलेला असतो.

असे का होते, याचा विचार आपण शिक्षक फारसा करीत नाही. प्रस्तुत लेखात मुलींच्या शाळेतील सहशालेय जीवनाकडे इतिहासाच्या अंगाने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. माझे प्रतिपादन थोडक्यात असे : आपल्याकडे मुलींच्या शिक्षणाला जो विरोध झाला, तो अक्षरओळखीला जितका होता त्याहून अधिक मुलीचा वेळ, तिचा आवाज, तिच्या शरीराची मोकळी हालचाल आणि तिचे इतरांसोबत बसून जेवणे या चार गोष्टींना होता. या चारही गोष्टी तिच्या हाती येतात त्या प्रामुख्याने परिपाठात, मैदानावर, रंगमंचावर आणि भोजनगृहात. म्हणूनच या उपक्रमांना शाळेचे अलंकार मानणे ही चूक आहे.

‘अभ्यासेतर’ की ‘सहशालेय’?

पूर्वी या उपक्रमांना ‘अभ्यासेतर’ म्हणत. अभ्यास आटोपल्यावर वेळ उरला तर करावयाचे ते अभ्यासेतर, असा त्याचा अर्थ रूढ झाला. पुढे ‘सहशालेय’ हा शब्द आला. शब्द बदलला, तरी वेळापत्रकातील स्थान फारसे बदलले नाही. दहावीचा खेळाचा तास गणिताला देण्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. गणिताचा तास खेळाला दिल्याचे मात्र माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत मी पाहिलेले नाही.

कायद्याची भूमिका याहून स्पष्ट आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम २९ मध्ये बालकाचा सर्वांगीण विकास, कृतीतून शिक्षण आणि भय व दडपण यांपासून बालकाची मुक्तता यांचा उल्लेख आहे. त्याच अधिनियमाच्या अनुसूचीत शाळेला मैदान आणि ग्रंथालय असावे, अशी अट आहे. म्हणजे मैदान ही वर्गखोलीइतकीच शाळेची कायदेशीर गरज आहे. आपण मात्र अजूनही मैदानाला उरलेली जागा आणि खेळाला उरलेला वेळ समजतो.

मुलीचा वेळ कोणाचा?

मुलगा शाळेतून घरी येतो, दप्तर टाकतो आणि खेळायला जातो. मुलगी घरी येते, दप्तर टाकते आणि हंडा उचलते. मग धाकट्या भावंडाला कडेवर घेणे, केरवारे, भाकरी, शेळ्या बांधणे. शाळा आणि झोप यांच्या मधला तिचा वेळ घराच्या मालकीचा असतो. शाळेने तिला काही दिले असेल, तर पाठ्यपुस्तकाच्याही आधी स्वतःचा असा थोडा वेळ दिला.

हा वेळ सुखासुखी मिळालेला नाही. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात महात्मा जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली, तेव्हा सावित्रीबाईंचे वय सतरा वर्षांचे होते. शाळेकडे जाताना त्यांच्या अंगावर शेण आणि दगड फेकले गेले, ही गोष्ट आपण दर वर्षी ३ जानेवारीला मुलींना सांगतो. परंतु ते शेण कशावर फेकले गेले, याकडे आपले लक्ष जात नाही. घरात बसून अक्षरे गिरविणारी एखादी स्त्री सनातन्यांनी कदाचित नजरेआड केली असती. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या रस्त्याने, उघडपणे शाळेला निघालेली स्त्री त्यांना सहन झाली नाही.

पुढे १८८४ साली न्यायमूर्ती रानडे, वामन आबाजी मोडक, डॉ. भांडारकर प्रभृतींच्या पुढाकाराने पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले. हुजूरपागा या नावाने ते आजही प्रसिद्ध आहे. या शाळेच्या अभ्यासक्रमावर जशी टीका झाली, तशी तिच्या अकरा ते पाच या वेळेवरही झाली. टीका करणाऱ्यांत लोकमान्य टिळकांचे ‘मराठा’ हे पत्र अग्रभागी होते. मुलगी दिवसभर शाळेत राहिली तर घरकामाचे वळण तिला कसे लागणार, हा त्या आक्षेपाचा गाभा. हा वाद वरिष्ठ जातींतील मुलींच्या शाळेपुरता होता, हे खरे. तरीही इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्यातून एक गोष्ट लख्ख दिसते : घड्याळाचे काटे हाच मुलींच्या शिक्षणातला खरा झगड्याचा विषय होता.

आपल्या समाजातील स्त्रियांनी हे फार लवकर ओळखले. जुलै १९४२ मध्ये नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या उपस्थितीत दलित महिलांची परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या. त्या परिषदेत शिक्षणाबरोबर मुलींच्या वसतिगृहांचीही मागणी पुढे आली. शाळा असूनही मुलगी शिकू शकत नाही, कारण शाळा सुटल्यानंतरचा तिचा दिवस तिच्या हाती नसतो. वसतिगृह तो दिवस तिला परत देते. मी स्वतः वसतिगृहात राहून शिकले. संध्याकाळी साडेपाच ते सात या वेळात मला कोणी कसलेही काम सांगणार नाही, ही जाणीव पहिल्या आठवड्यात मला काहीशी अपराधी वाटायला लावणारी होती. हात रिकामे ठेवून बसण्याची सवयच नव्हती.

निवासी शाळांनी येथे स्वतःकडेही पाहावयास हवे. पहाटेच्या घंटेपासून रात्रीच्या हजेरीपर्यंत प्रत्येक मिनिट अभ्यासिका, जादा तास आणि सफाई यांनी भरून टाकले, तर घराच्या ताब्यातून सुटलेला मुलीचा वेळ आपण संस्थेच्या ताब्यात घेतला, एवढेच म्हणता येईल. दिवसातील एक तास तरी असा हवा की, त्यात काय करावयाचे ते मुलगी ठरवील.

उभे राहून बोलणे

फुले दांपत्याच्या शाळांचा एक विशेष असा की, मुलींच्या परीक्षा जाहीर रीतीने होत. फेब्रुवारी १८५३ मध्ये पुण्यात अशी परीक्षा झाली, तेव्हा २३७ मुली परीक्षेस बसल्या होत्या आणि ती पाहण्यासाठी लोकांची मोठी गर्दी जमली होती. त्या काळी मुलगी चारचौघांत उभी राहते, प्रश्न ऐकते आणि उत्तर देते, हे दृश्यच नवे होते. त्या अर्थाने ती परीक्षाही होती आणि मुलींचा पहिला जाहीर कार्यक्रमही होता.

याच शाळेतील मुक्ता साळवे या मातंग समाजातील विद्यार्थिनीने तीन वर्षांच्या शिक्षणानंतर मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो ‘ज्ञानोदय’ पत्राने १८५५ साली फेब्रुवारी आणि मार्च महिन्यांच्या अंकांतून प्रसिद्ध केला. वेद वाचण्याचा अधिकार आम्हांस नाही, तर आमचा धर्म कोणता, असा प्रश्न तिने त्यात विचारला. निवाऱ्यावाचून बाळंत होणाऱ्या आपल्या स्त्रियांचे दुःख मांडले. आजच्या भाषेत बोलायचे तर हा एका शाळकरी मुलीचा निबंध. आपल्या निबंधस्पर्धांत ‘माझा आवडता ऋतू’ आणि ‘मी पक्षी झाले तर’ हे विषय वर्षानुवर्षे दिले जातात. त्यांत गैर काही नाही. परंतु मुलीला तिच्या वस्तीवरच्या पाण्याविषयी, आईच्या मजुरीविषयी, बसथांब्यावरच्या त्रासाविषयी लिहू दिले, तर ती काय लिहील याचा अंदाज मुक्ताच्या निबंधावरून यावा.

बोलण्याचे शिक्षण देणारी साधने आपल्या शाळांत आजही आहेत. सकाळचा परिपाठ हे त्यांतील सर्वांत साधे आणि सर्वांत दुर्लक्षित साधन. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची प्रास्ताविका, सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा असा त्याचा क्रम असतो. पंधरा मिनिटांच्या या कार्यक्रमात रोज पाच-सहा मुलींना सर्व शाळेसमोर बोलता येते. शाळेचे कामकाजाचे दिवस आणि पटसंख्या यांचा हिशेब मांडला, तर मध्यम आकाराच्या शाळेत प्रत्येक मुलीला वर्षातून दोन-तीन वेळा संधी मिळावयास हवी. प्रत्यक्षात पाच-सहा ‘चांगला आवाज असलेल्या’ मुली वर्षभर परिपाठ चालवितात आणि उरलेल्या रांगेत उभ्या राहून ऐकतात.

दुसरे साधन बालसभा. मुलींनी विषय मांडावा, अनुमोदन द्यावे, मतदान घ्यावे आणि इतिवृत्त लिहावे. सभेचे इतिवृत्त लिहिणारी मुलगी एक महत्त्वाची गोष्ट शिकते : जे ठरले ते लिहून ठेवले नाही, तर नंतर ज्याचा आवाज मोठा त्याचे म्हणणे खरे ठरते. तिसरे साधन भित्तिपत्रक आणि हस्तलिखित. येथे भाषेचा प्रश्न उभा राहतो. मुलीने ‘म्हणून’ ऐवजी ‘म्हून’ लिहिले की आपली लाल शाई चालू होते. व्याकरण शिकवावेच, परंतु तिच्या आजीची गोष्ट ती आजीच्या बोलीत सांगत असेल, तर तो दोष नाही. बोली सोडल्यावरच व्यासपीठावर येता येते, असा धडा तिला मिळाला, तर ती व्यासपीठच सोडून देते.

बाबासाहेबांचा शाळाप्रवेश ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारा येथे झाला. त्या स्मरणार्थ महाराष्ट्रात हा दिवस ‘विद्यार्थी दिन’ म्हणून पाळला जातो. बहुतेक ठिकाणी त्या दिवशी पाहुण्यांचे भाषण होते आणि विद्यार्थिनी ते ऐकतात. विद्यार्थी दिनी तरी विद्यार्थिनींनी बोलावे आणि पाहुण्यांनी ऐकावे.

मैदान आणि स्पर्श

मुक्ता साळवेच्या निबंधात एक उल्लेख असा आहे की, तो वाचल्यावर मैदान हा शब्द पुन्हा सहजपणे उच्चारता येत नाही. पेशवाईत तालीमखान्यासमोरून अस्पृश्य गेला तर त्याचे मस्तक कापले जाई आणि गुलटेकडीच्या मैदानात त्याचा चेंडू होई, असे तिने लिहिले आहे. खेळाची जागा कोणाची होती आणि आपल्या माणसांचे त्या जागेवर काय होत असे, हे एका शाळकरी मुलीने नोंदवून ठेवले. त्या पार्श्वभूमीवर आज आपल्या मुली मैदानावर धावतात, तेव्हा मला ती नुसती कवायत वाटत नाही.

खो-खोचेच उदाहरण घेऊ. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ खेळाडू एका ओळीत आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि नववा धावतो. बसलेल्या खेळाडूला आपणहून उठता येत नाही. मागून पाठीला हात लागला पाहिजे आणि ‘खो’ हा शब्द मोठ्याने ऐकू आला पाहिजे; तेव्हाच ती उठते आणि जिने उठविले ती तिच्या जागी बसते. म्हणजे हा खेळ स्पर्शावाचून खेळताच येत नाही. ज्या समाजात शतकानुशतके स्पर्श हाच विटाळ मानला गेला, त्या समाजात वेगवेगळ्या वस्त्यांतून आलेल्या मुली रोज संध्याकाळी एकमेकींच्या पाठीवर हात ठेवून खेळतात. समतेवरील माझ्या कोणत्याही पाठाने हे इतक्या सहज साधलेले नाही. शिवाय येथे मोठ्याने ओरडावे लागते. ‘मुलीच्या जातीने हळू बोलावे’ हे ऐकत वाढलेल्या मुलीला ओरडण्याचा नियम असलेला खेळ मिळणे, हेही लहानसहान शिक्षण नव्हे.

मात्र सातवी-आठवीनंतर मैदानावरील मुलींची संख्या घटू लागते. याची कारणे मुलींनी आम्हांला सांगितली नाहीत. ती आम्हांला शोधावी लागली. आमच्याकडे शनिवारी कवायतीसाठी पांढरा गणवेश असे. काही मुली महिन्यातील एखाद्या शनिवारी पोटदुखीची चिठ्ठी घेऊन बसून राहत. चिठ्ठ्या कोणाच्या आणि कधी येतात हे शारीरिक शिक्षणाच्या बाईंनी पाहिले, तेव्हा गोष्ट ध्यानात आली. पांढऱ्या पोशाखावर डाग दिसण्याची ती भीती होती. गडद निळ्या रंगाचा पोशाख केला, खेळाच्या साहित्याच्या खोलीत एका कपाटात पॅड ठेवले आणि त्या कपाटाची किल्ली मुलींकडेच दिली. चिठ्ठ्या जवळजवळ बंद झाल्या. शिस्त मोडणारी मुलगी आणि कपड्याच्या रंगाने अडविलेली मुलगी यांत फरक करावयास आम्हांला काही वर्षे लागली, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

दुसरे कारण स्पर्धेचे. शाळेचा एकच संघ निवडला की बारा-पंधरा मुली खेळतात आणि उरलेल्या टाळ्या वाजवितात. ढाल शाळेला हवी असते. खेळ प्रत्येक मुलीला हवा असतो. म्हणून तालुक्याच्या स्पर्धेसाठी निवडलेला संघ असावा आणि त्याच्या जोडीला प्रत्येक वर्गाचे दोन-दोन संघ असावेत, त्यांचे सामने वर्षभर चालावेत. जिला कधी ढाल मिळणार नाही, तिनेही घामाघूम होऊन खोलीवर परत जावे.

पंगत

सहल, वनभोजन आणि वसतिगृहातील भोजन यांना आपण उपक्रमांच्या यादीत शेवटचे स्थान देतो. समतेची खरी परीक्षा येथेच होते. नागपूरच्या जाईबाई चौधरी यांनी १९२२ साली मुलींसाठी चोखामेळा कन्या पाठशाळा काढली. लहानपणी अपार कष्ट उपसून शिकलेल्या या बाई घरोघर जाऊन मुली गोळा करीत. १९३७ साली नागपुरात भरलेल्या महिलांच्या एका अखिल भारतीय परिषदेत भोजनाच्या वेळी त्यांना वेगळे बसविण्यात आले. व्यासपीठावरून स्त्रियांच्या समान हक्कांची भाषा चालू होती आणि पंगतीत जात पाळली जात होती. दलित स्त्रियांनी त्याचा जाहीर निषेध केला. हा आणि असे अनेक प्रसंग उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ या ग्रंथामुळे आपल्यापर्यंत पोहोचले. उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’ या आत्मकथनातही शाळकरी मुलींच्या एका जेवणाची आठवण आहे. अन्नाला शिवली म्हणून नंतर झालेल्या कुजबुजीने त्या आनंदाचे विष कसे झाले, ते त्यांनी सांगितले आहे.

निवासी शाळेत शेकडो मुली रोज एकत्र जेवतात, म्हणून पंगतीचा प्रश्न सुटला असे समजू नये. कोण कोणाच्या शेजारी बसते, वाढणाऱ्या कोण, भांडी घासणाऱ्या कोण, शिळी भाकर कोणाच्या ताटात जाते, हे शिक्षकाने महिन्यातून दोनदा मुलींच्या पंगतीत बसून पाहावे. वाढण्याची पाळी येते तिला भांडी घासण्याचीही पाळी यावी, एवढा एकच नियम कसोशीने पाळला तरी पुष्कळ काही साधते. सहलीला जाताना शिदोऱ्या एकत्र करून वाटून घ्याव्यात. बंद डब्यात प्रत्येकीच्या घरची परिस्थिती असते. एकत्र केलेल्या अन्नात ती राहत नाही.

निवड कोण करतो?

आता स्वतःच्या चुकीकडे वळते. काही वर्षांपूर्वी वार्षिक अहवाल लिहिण्यासाठी मी मागील पाच स्नेहसंमेलनांच्या कार्यक्रमपत्रिका काढल्या. स्वागतगीत, सूत्रसंचालन, नाटकातील मुख्य भूमिका, आभारप्रदर्शन यांपुढे तीच दहा-बारा नावे फिरत होती. त्या मुली गुणी होत्या, यात शंका नाही. पण त्या बहुतेक उजळ वर्णाच्या, नोकरदारांच्या घरातील, ग्रांथिक भाषा बोलणाऱ्या होत्या. सतरंज्या, खुर्च्या आणि मैदानाची सफाई या समित्यांतही दर वर्षी काही ठरावीक नावे होती. त्या याद्या दुसऱ्या कोणी केलेल्या नव्हत्या. खाली माझी सही होती.

मी ज्या शाळेत शिकले तेथे संमेलनाच्या वेळी मला पाण्याच्या समितीत कधीच घेतले गेले नाही. सतरंज्या झटकण्याच्या समितीत मात्र मी चारही वर्षे होते. त्याचे कारण मला कोणी सांगितले नाही आणि विचारण्याचे धाडसही झाले नाही. ते शल्य उराशी घेऊन शिक्षिका झालेली मी तशीच यादी करीत होते, हे त्या दुपारी कागदावर दिसले.

वर्गात समता राखणे तुलनेने सोपे असते. पाठ्यपुस्तक सर्वांना एक, प्रश्नपत्रिका एक, उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी क्रमांक. रंगमंच आणि मैदान यांवरची निवड मात्र शिक्षकाच्या डोळ्याने होते, आणि डोळ्याला समाजाने लावलेल्या सवयी असतात. म्हणून निवड शक्य तितकी नियमाने व्हावी. आम्ही पुढे काही साधे नियम केले. परिपाठ हजेरीपटाच्या क्रमाने, कोणालाही न वगळता. संमेलनाच्या कामाच्या समित्या चिठ्ठ्या टाकून. एका वर्षी मुख्य भूमिका केलेल्या मुलीने पुढील वर्षी पडद्यामागे राहून दुसरीला शिकवावयाचे. पाहुण्यांच्या स्वागतासाठी मुलींना दुतर्फा उन्हात उभे करावयाचे नाही. एक ग्रंथ भेट द्यावयाचा आणि तोही पाळी असलेल्या मुलीच्या हस्ते. आणि एक नोंदवही : प्रत्येक मुलीच्या नावापुढे चार रकाने. या वर्षी ती काय बोलली, काय खेळली, काय लिहिले, कशाचे नेतृत्व केले. दिवाळीच्या सुटीपूर्वी ज्या नावापुढील रकाने कोरे दिसतील, त्या मुलींचा दुसऱ्या सत्रात प्रथम विचार.

याची किंमतही मोजावी लागली. पहिल्या वर्षीचे संमेलन अडखळत झाले. एका पाहुण्यांनी, “गेल्या वर्षीचा कार्यक्रम अधिक बहारदार होता,” असे बोलूनही दाखविले. सहकाऱ्यांतही नाराजी होती. तिसऱ्या वर्षी मात्र तयार मुलींची संख्या इतकी वाढली की, नाटकासाठी निवड करणे खरोखर अवघड झाले.

एक प्रसंग

एक प्रसंग सांगून लेख संपविते. आठवीत एक मुलगी दाखल झाली. आईवडील ऊसतोडीला जात. पहिले काही महिने ती हजेरीपुरतेच बोलत असे. परिपाठात बातमी वाचण्याची तिची पाळी आली तेव्हा ती कागद धरून उभी राहिली, पण शब्द फुटेना. मुली हसल्या नाहीत. उद्या आपली पाळी आहे, हे प्रत्येकीला ठाऊक होते. अखेर तिने एकच ओळ वाचली. पुढच्या फेरीत तीन वाचल्या. नववीत ती बालसभेची सचिव झाली आणि इतिवृत्ताची वही काखेत घेऊन हिंडू लागली.

त्याच वर्षी दिवाळीपूर्वी तिचे वडील आणि चुलते तिला न्यायला आले. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात आणि मुकादमाकडून मिळणारी उचल कोयत्याच्या हिशेबाने मिळते. त्यामुळे लग्ने लवकर उरकण्याकडे कल असतो. मुलीची बोलणी झाली होती. मुख्याध्यापिकांनी आणि मी, अठरा वर्षांखालील मुलीचे लग्न हा कायद्याने गुन्हा आहे, हे समजावून सांगत होतो. वडील मान खाली घालून ऐकत होते. चुलत्यांना ते पटत नव्हते. दाराशी उभी असलेली ती मुलगी आत आली, टेबलावर वही उघडली आणि म्हणाली, “दादा, सभेत जे ठरतं ते मी लिहून ठिवते. आज काय ठरलं म्हणून लिहू? तुमी सांगा, मी लिहिते.”

वडील काहीच बोलले नाहीत. ते तिला सुटीसाठी घेऊन गेले. सुटी संपून शाळा सुरू झाली, तेव्हा तिची जागा रिकामी होती. आठ दिवसांनी ती आली. दहावीची परीक्षा ती याच शाळेतून उत्तीर्ण झाली. ते लग्न कशामुळे टळले, कायद्याच्या धाकाने की वडिलांच्या मायेने, हे मला सांगता येणार नाही. एवढे मात्र खरे की, त्या खोलीत आम्ही दोघी शिक्षिका तिच्या वतीने बोलत होतो आणि तिने आम्हांला थांबवून स्वतः बोलण्यास सुरुवात केली. ते बळ तिला त्या वहीने आणि परिपाठातील त्या एका ओळीने दिले असावे, असे मी मानते.

या स्मरणिकेतही छायाचित्रे असतील. माजी विद्यार्थिनींना त्यांत आपले चेहरे सापडोत. शिक्षक बंधुभगिनींना मात्र एक विनंती आहे. ही पाने पाहताना आपल्या वर्गाचा हजेरीपट शेजारी ठेवावा आणि कोणत्या नावाचे एकही छायाचित्र नाही, ते पाहावे. पुढील वर्षाचे नियोजन त्या नावापासून सुरू करावे.